गाऊटचा झटका टाळणाऱ्या गोळ्या: कशा घ्याव्यात आणि दुष्परिणाम कसे ओळखावेत

पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी मध्यरात्री अचानक उठणारा ठणका, लालबुंद होऊन तुकतुकीत ताणलेली कातडी आणि पांघरुणाचा स्पर्शही सहन न होणे, हे गाऊट या सांध्यांच्या आजाराच्या झटक्याचे ठरलेले रूप आहे. हा झटका आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो आणि नेमकी हीच गोष्ट रुग्णाला फसवते. दुखणे थांबले म्हणजे आजार गेला असे समजून तो पुढचा झटका येईपर्यंत दवाखान्याची पायरी चढत नाही. आपल्या मराठवाड्यात तर ‘वात आला’ म्हणून डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाचे एक इंजेक्शन टोचून घ्यायचे आणि दुसऱ्या दिवशी लंगडत का होईना शेतावर जायचे, अशी अनेकांची रीतच झाली आहे. येथे विचार करायचा आहे तो पुढचा झटका येऊच नये म्हणून रोज तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा.

रक्तातील युरिक ॲसिड दर डेसिलिटरला साधारण 6.8 मिलिग्रॅमच्या वर गेले की ते रक्तात पुरते विरघळत नाही आणि त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक सांध्यांत साचू लागतात. बोअरच्या जड पाण्याचे क्षार बादलीच्या कडेला जसे नकळत चढत जातात, तसाच हा साठा वर्षानुवर्षे वाढत असतो. पायाचा अंगठा शरीराच्या मधल्या भागापेक्षा थंड असल्यामुळे स्फटिक तेथे लवकर धरतात. यावर दोन वेगळ्या प्रकारच्या गोळ्या दिल्या जातात आणि त्यांची गल्लत केल्यामुळे निम्मा घोटाळा होतो. ॲलोप्युरिनॉल आणि फेब्युक्सोस्टॅट या गोळ्या युरिक ॲसिड तयार होण्याचेच प्रमाण घटवतात, त्यामुळे साचलेले स्फटिक हळूहळू विरघळतात. कोल्चिसिनचा युरिक ॲसिडवर काहीच परिणाम होत नाही. स्फटिकांमुळे सांध्यात उठणारी सूज ते दाबून धरते. म्हणून केवळ कोल्चिसिन घेत राहिल्यास झटके कमी होतील, परंतु आतला साठा वाढतच राहील.

गोळी कोणाला लागते

वर्षातून दोन किंवा अधिक झटके येणारे, कानाच्या पाळीवर, कोपरावर किंवा बोटांवर पांढरट गाठी आलेले आणि एक्स-रेमध्ये सांध्याची झीज दिसणारे रुग्ण यांना युरिक ॲसिड उतरवणारी गोळी निश्चितपणे लागते. पहिलाच झटका असला, तरी किडनी कमजोर असल्यास, मुतखड्याचा त्रास असल्यास किंवा युरिक ॲसिड 9 च्या वर असल्यास डॉक्टर ती सुरू करण्याचा विचार करतात. मात्र एखाद्या तपासणी शिबिरात किंवा ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये युरिक ॲसिड 7.4 निघाले, आयुष्यात एकदाही सांधा सुजलेला नाही आणि तरीही गोळी सुरू झाली, असे आता सर्रास दिसते. केवळ कागदावरच्या आकड्यासाठी या गोळ्या सहसा द्यायच्या नसतात. उलट प्रकारही घडतो: ऐन झटक्यात रक्त तपासले तर युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकते, म्हणून झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी.

गोळी सुरू होण्यापूर्वी क्रिएटिनिन (किडनीचे काम कळणारी रक्ततपासणी), यकृताची तपासणी आणि रक्तपेशींची मोजणी करून घ्यावी. डॉक्टरांकडे जाताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, आयुर्वेदिक काढे आणि कोणीतरी आणून दिलेल्या चूर्णाच्या पुड्यांसह, एका पिशवीत भरून न्याव्यात. ‘बीपीची पांढरी गोळी’ या वर्णनावरून कोणालाही काही कळत नाही. बीपीच्या ज्या गोळ्यांच्या नावापुढे ‘एच’ हे अक्षर असते, त्यांतील बहुतेकांत हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारे औषध असते आणि ते युरिक ॲसिड चढवते. लोसार्टन हे बीपीचेच औषध असले, तरी ते युरिक ॲसिड थोडे उतरवते, त्यामुळे गोळी बदलता येईल का हे विचारणे योग्य ठरते. हृदयासाठी चालू असलेली कमी मात्रेची ॲस्पिरिनही युरिक ॲसिड थोडे वाढवते, पण म्हणून ती स्वतःच्या मनाने कधीही बंद करू नये.

ॲलोप्युरिनॉल: कमी मात्रेपासून सुरुवात

हे औषध जुने आणि स्वस्त आहे. अमेरिकेत 1966 मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि ते घडवणाऱ्या संशोधकांपैकी गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांना 1988 चे नोबेल पारितोषिक लाभले. सुरुवात रोज 100 मिलिग्रॅमने, किडनी कमजोर असल्यास 50 मिलिग्रॅमने करावयाची असते. त्यानंतर काही आठवड्यांच्या अंतराने रक्त तपासून डॉक्टर मात्रा पायरीपायरीने वाढवतात, ती युरिक ॲसिड 6 च्या खाली येईपर्यंत. गाठी असतील तर ते 5 च्या खाली आणण्याचे धोरण असते. पहिल्याच दिवशी 300 ची गोळी लिहून दिली असेल, तर ‘कमी मात्रेपासून सुरू करता येईल का’ असे निःसंकोच विचारावे, कारण या औषधाची गंभीर ॲलर्जी येण्याची शक्यता मोठ्या मात्रेने सुरुवात केल्यास अधिक असते. याच्या उलट, वर्षानुवर्षे 100 वरच थांबून ‘गोळी लागू पडत नाही’ असे म्हणणारे रुग्णही पुष्कळ असतात. त्यांना गोळी लागू न पडण्याचे कारण बहुधा अपुरी मात्रा हेच असते. काहींना 300 पेक्षाही अधिक लागते.

गोळी दिवसातून एकदा, जेवणानंतर, भरपूर पाण्यासोबत घ्यावी. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊ नयेत.

मळमळ, पोटात किंचित अस्वस्थता किंवा यकृताच्या तपासणीत थोडा फरक हे दुष्परिणाम डॉक्टरांशी बोलून निभावता येतात. अंगावर पुरळ उठणे मात्र कधीही किरकोळ समजू नये. औषध सुरू केल्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत अंगावर लाल चट्टे आले, त्यासोबत ताप, चेहऱ्यावर सूज, डोळ्यांची आग, तोंडात फोड किंवा कातडी सोलवटणे यांपैकी काही दिसले, तर पुढची गोळी न घेता त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात पोहोचावे. ही प्रतिक्रिया क्वचित येते, परंतु ती यकृत व किडनीवरही जाते आणि प्राणघातक ठरू शकते. घामोळे असेल, उष्णता झाली असेल असे म्हणत चार दिवस चंदनाचा लेप लावण्यात घालवू नयेत; एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे ही चूक होण्याचा संभव फार मोठा असतो. छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय, लातूर, नांदेड किंवा अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जे जवळ असेल तेथे औषधाची पट्टी सोबत घेऊन जावे. एकदा अशी प्रतिक्रिया आलेल्या व्यक्तीने ॲलोप्युरिनॉल पुन्हा कधीही घ्यायचे नसते, म्हणून ते नाव प्रत्येक जुन्या-नव्या केसपेपरवर लाल शाईने लिहून घ्यावे.

किडनी बदललेले किंवा आतड्यांच्या व सांध्यांच्या काही आजारांचे रुग्ण ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध घेतात. त्याच्याबरोबर ॲलोप्युरिनॉल किंवा फेब्युक्सोस्टॅट घेतल्यास ॲझाथायोप्रिन शरीरात साचून रक्तपेशी तयार होणेच खुंटते. ही जोडी टाळायचीच असते.

फेब्युक्सोस्टॅट बहुधा 40 मिलिग्रॅमपासून सुरू होते आणि ॲलोप्युरिनॉल न सोसणाऱ्यांना उपयोगी पडते. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, हृदयविकार असलेल्या रुग्णांमध्ये ॲलोप्युरिनॉलच्या तुलनेत फेब्युक्सोस्टॅटवर हृदयविकाराने होणारे मृत्यू अधिक आढळले आणि 2019 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी त्यावर ठळक इशारा छापायला लावला. 2020 च्या युरोपातील चाचणीत तसा धोका दिसला नाही. तरीही ज्याला हार्ट अटॅक येऊन गेला आहे किंवा ज्याची अँजिओप्लास्टी झाली आहे, त्याने हे औषध हृदयाच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सुरू करू नये. यकृताची तपासणी याच्यासोबतही करावी लागते.

गोळी सुरू होताच झटका का येतो

औसा तालुक्यातील एक शेतकरी तिसऱ्या आठवड्यात सुजलेला पाय घेऊन आला आणि खुर्चीवर बसण्याआधीच म्हणाला, “साहेब, गोळी सुरू केली अन् पाय आणखीनच फुगला की.” त्याच्या शर्टाच्या खिशात ॲलोप्युरिनॉलची अर्धी उरलेली पट्टी होती आणि ती त्याने परत करायला आणली होती. युरिक ॲसिड उतरू लागले की सांध्यात जमलेले स्फटिक सुटे होतात आणि त्यामुळेच पहिल्या काही महिन्यांत झटके येऊ शकतात. गोळी काम करत असल्याची ती खूण असते. बहुसंख्य रुग्ण नेमके याच वेळी औषध सोडतात, आणि धरसोड केल्याने युरिक ॲसिड वर-खाली होत राहून झटके आणखी वाढतात. झटका आला तरी ॲलोप्युरिनॉल चालूच ठेवायचे आणि दुखण्यासाठी वेगळे औषध डॉक्टरांकडून घ्यायचे, हे कागदावर लिहून घरातल्या माणसांनाही समजावून ठेवावे, कारण ‘बंद करा ती गोळी’ असा सल्ला पहिल्यांदा घरातूनच मिळतो.

हे सुरुवातीचे झटके टाळण्यासाठी सोबत कोल्चिसिन 0.5 मिलिग्रॅम दिवसातून एकदा किंवा दोनदा, किमान तीन ते सहा महिने दिले जाते. गोळी इवलीशी दिसते, पण तिच्याबाबत जितकी काळजी घ्यावी तितकी थोडी आहे, कारण उपयोगी मात्रा आणि विषारी मात्रा यांत फार अंतर नाही. आपल्याकडच्या रानात पावसाळ्यात लाल-पिवळी फुले येणारी कळलावी विषारी मानली जाते ती तिच्या कंदातील याच कोल्चिसिनमुळे. म्हणून ‘वातावर चालते’ असे सांगून कोणी तो कंद उगाळून दिला, तर तो मुळीच घेऊ नये. पूर्वी झटक्यात जुलाब लागेपर्यंत दर तासाला ही गोळी देण्याची पद्धत होती. ती आता सोडून दिलेली आहे, परंतु काही घरांत तो जुना कागद अजूनही जपून ठेवलेला आढळतो.

जुलाब, मळमळ आणि पोटात मुरडा हा कोल्चिसिनचा सर्वांत नेहमीचा त्रास आहे. एखाद-दुसऱ्या वेळी पातळ शौचास झाल्यास डॉक्टर दोनऐवजी एक गोळी किंवा दिवसाआड एक गोळी करतात. जुलाब थांबत नसतील तर मात्र गोळी लगेच बंद करून डॉक्टरांना कळवावे, विशेषतः उन्हाळ्यात. पारा 40 च्या पुढे गेलेला, अंगातून घाम निथळतो आहे आणि त्यात जुलाब, अशा स्थितीत शरीरातील पाणी कमी होऊन किडनीवर ताण येतो. किडनी मंदावली की कोल्चिसिन बाहेर पडत नाही आणि विषबाधेची वाट मोकळी होते. मांड्या-दंड दुखणे, जिना चढताना किंवा उकिडवे बसून उठताना पायांत त्राण नसणे, हातापायांना मुंग्या, अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त, वारंवार ताप ही लक्षणे स्नायू, नसा किंवा रक्तपेशींवर परिणाम झाल्याची असू शकतात. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गटातील गोळी सोबत चालू असेल, तर स्नायूंच्या दुखण्याकडे अधिक लक्ष द्यावे.

घसा दुखतो म्हणून मेडिकलमधून परस्पर अँटिबायोटिक आणण्याची सवय कोल्चिसिन चालू असताना अंगाशी येऊ शकते. क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकसोबत कोल्चिसिन घेतल्याने, मुख्यतः किडनी कमजोर असलेल्या रुग्णांचे, मृत्यू झाल्याची नोंद वैद्यकीय साहित्यात आहे. बुरशीवरील इट्राकोनॅझोल व किटोकोनॅझोल, बीपी-हृदयासाठीचे व्हेरापामिल व डिल्टियाझेम आणि अवयव बदलल्यावरचे सायक्लोस्पोरिन यांच्यामुळेही रक्तातील कोल्चिसिन वाढते. नायट्यासाठी इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल आजकाल इतक्या सहज मिळतात, की हे नाव तरी लक्षात ठेवावेच.

पथ्याबद्दल थोडक्यात सांगायचे, तर तुरीच्या वरणाला उगाच दोषी धरले जाते. डाळी व भाज्यांतील प्युरिनमुळे (ज्या घटकापासून शरीरात युरिक ॲसिड बनते) गाऊटचा धोका वाढत असल्याचे मोठ्या पाहणीत आढळले नाही. मटण, काळीज, वजडी, सुकट, बिअर-दारू आणि साखरेची थंड पेये यांच्यावर आवर घालावा. ज्वारीची भाकरी, वरण, ताक खुशाल चालते. किडनी किंवा हृदयाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन नसेल, तर लघवी पिवळी जर्द होणार नाही इतके पाणी दिवसभर प्यावे. केवळ पथ्याने युरिक ॲसिड सहसा थोडेच उतरते, म्हणून पथ्य कडक पाळतो या भरवशावर गोळी सोडू नये.

पहिल्या सहा महिन्यांनंतर झटके थांबले आणि युरिक ॲसिड 6 च्या खाली स्थिरावले, की कोल्चिसिन बंद करता येते. ॲलोप्युरिनॉल किंवा फेब्युक्सोस्टॅट मात्र बहुतेकांना कायम घ्यावे लागते आणि साधारण सहा महिन्यांनी युरिक ॲसिड व क्रिएटिनिन तपासत राहावे लागते. बीड, धाराशिवकडून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी निघण्यापूर्वी पुऱ्या हंगामाच्या ॲलोप्युरिनॉलची चिठ्ठी आणि गोळ्या सोबत घ्याव्यात, कारण फडाजवळच्या गावात तीच मात्रा मिळेल याची खात्री नसते. कोल्चिसिन मात्र महिनाभरापेक्षा अधिक जवळ बाळगू नये आणि ते झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, कोपीत लहान मुलांचा हात पोहोचणार नाही इतक्या उंचीवर ठेवावे. मुलाने एखादी गोळी गिळल्याची नुसती शंका आली, तरी उलटी-जुलाबाची वाट न पाहता त्याला तडक रुग्णालयात न्यावे, कारण पहिले काही तास मूल अगदी ठणठणीत दिसू शकते.