मुलाचा ताप उतरत नसेल तेव्हा वही हाताशी ठेवा

ताप तीन दिवसांहून अधिक टिकला, तर डॉक्टरांना सर्वांत उपयोगी पडते ती घरी ठेवलेली नोंद. ‘रात्री 2.10, काखेत 102.4, औषध दिले, 3.15, 100.8, थोडे पाणी प्यायला, लघवी झाली’ एवढे लिहिले तरी पुरे. कपाळाला हात लावून केलेला अंदाज फसवा असतो, म्हणून थर्मामीटर एकच वापरावा आणि दर वेळी एकाच जागी लावावा.

पॅरासिटामॉलची मात्रा वयावरून नव्हे, तर वजनावरून ठरते: साधारणपणे दर किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन मात्रांमध्ये किमान चार तासांचे अंतर आणि 24 तासांत चारपेक्षा जास्त मात्रा नाहीत. थेंबांच्या बाटलीतील औषध सिरपपेक्षा बरेच तीव्र असू शकते, त्यामुळे घरातला चमचा बाजूला ठेवून बाटलीसोबतचे मापच वापरावे. ॲस्पिरिन मुलांना स्वतःहून कधीही देऊ नये. थंड पाण्याच्या पट्ट्यांनी मूल कुडकुडते, आणि कुडकुडण्याने अंगातली उष्णता उलट वाढते.

आकड्यापेक्षा मुलाकडे पाहावे, असे माझे मत आहे. औषधानंतर ते खेळू लागले, तर थोडा धीर धरता येतो. मात्र तीन महिन्यांखालील बाळाला 100.4 अंश ताप आला, किंवा कोणत्याही वयात झटके, धाप, ताठ मान, दाबूनही न फिकटणारे पुरळ, न उतरणारी गुंगी किंवा आठ तास लघवी न होणे यांपैकी काही दिसले, तर तिसऱ्या दिवसाची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.