उद्यमनगर ते गॉलवे: वारा बघून बेत करा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, तीन माणसं. थोरला पोरगा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर गॉलवेला मेडिकल डिव्हाइसच्या कंपनीत लागला, म्हणून आम्ही दोघं नवरा-बायको दोनदा तिकडं जाऊन आलो. तेव्हापासून आठवड्याला एक तरी फोन येतो, "काका, तिकडं काय बघायचं? किती दिवस लागतील?" प्रत्येकाला चहा पाजून सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी व्हिसा, कारण इथंच लोक फसतात. युरोपचा शेंगेन व्हिसा आयर्लंडला चालत नाही. त्यांचा वेगळा काढावा लागतो. अर्ज ऑनलाइन भरायचा, त्याची प्रिंट काढून सही करायची आणि कागदपत्रांसह व्हिसा केंद्रात द्यायची. हाताशी दोन महिने ठेवा. लंडनही करायचं असेल तर ब्रिटन-आयर्लंडची एकत्र योजना भारतीयांना मिळते. मात्र व्हिसा ज्या देशानं दिला तिथं आधी उतरायचं. आणि लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसलं म्हणून उडी मारू नका. नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा लागतो का, ते आधी तपासा. आम्ही महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबई गाठली आणि आखातात विमान बदलून डब्लिनला उतरलो.

बॅग भरताना घरात भांडण होणारच, ते आत्ताच मिटवून टाका. दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ बाहेरून नेता येत नाहीत. म्हणजे पेढे नाहीत, घरचं तूप नाही. आंबा नाही, कढीपत्ताही नाही. आमच्या सौ.नं पोरासाठी बांधलेला तुपाचा डबा मुंबईत बहिणीकडं ठेवावा लागला आणि ती विमानात दोन तास बोलली नाही. कांदा-लसूण मसाला मात्र न्या, घट्ट सील करून. तिकडच्या बटाट्याच्या चिप्सवर तो भुरभुरला की काय लागतं, ते खाल्ल्याशिवाय कळायचं नाही. प्लग तिकडं तीन चौकोनी पिनांचा असतो, ब्रिटनसारखा. अडॅप्टर इथूनच घ्या.

डब्लिन ते गॉलवे साधारण दोनशे किलोमीटर, म्हणजे आपल्या कोल्हापूर-पुण्यापेक्षा थोडं कमी. डब्लिन विमानतळावरूनच थेट बस मिळते, अडीच-तीन तासांत पोचवते. शहरात जाऊन ह्यूस्टन स्टेशनवरून रेल्वेही आहे, पण सामानासकट कशाला तो खटाटोप. उतरताना सगळे प्रवासी ड्रायव्हरला "थँक्यू" म्हणतात. तुम्हीही म्हणा. आपल्या एसटीत मी म्हणून बघितलं, कंडक्टरनं "काय झालं?" विचारलं.

आता मुद्द्याचं. गॉलवेत पाच रात्री खोली बुक करा, पण कुठल्या दिवशी काय बघायचं ते बुक करू नका. पहिल्या खेपेला मी शॉपमधल्या जॉब कार्डसारखा तक्ता केला होता: सोमवारी समुद्रावरचे कडे, मंगळवारी बेट, बुधवारी डोंगर. सोमवारी कड्यावर असं धुकं की पुढचा माणूस दिसेना, आणि बुधवारी डोंगरात पाऊस. मंगळवारचं लख्ख ऊन मात्र बेटाच्या बसची वाट बघत चुकीच्या थांब्यावर उभं राहण्यात गेलं. दुसऱ्या खेपेला शहाणा झालो. रोज रात्री तिथल्या हवामान खात्याचा, मेट एरनचा, अंदाज बघायचा. वारा कमी तर बेट, ढग उंच तर कडे किंवा डोंगर, आणि सगळंच वाईट असेल तर शहर. गॉलवे शहर पावसातच जास्त रंगतं.

पाऊस म्हणजे गगनबावड्यासारखा धो-धो नव्हे. बारीक, आडवा, आणि तासात चारदा येऊन जाणारा. छत्री नेऊ नका. महाद्वार रोडवर घेतलेली माझी छत्री पहिल्याच दिवशी नदीच्या पुलावर उलटी झाली आणि काड्या मोडून कचऱ्यात गेली. टोपीचं वॉटरप्रूफ जर्किन आणि ओल्यात न घसरणारे बूट घ्या. कोल्हापुरी चप्पल फक्त पोराला भेट म्हणून.

महिना? मे किंवा सप्टेंबर. जुलैत दोन आठवडे मोठा कला महोत्सव असतो आणि त्याला लागूनच बॅलिब्रिटच्या घोड्यांच्या शर्यती. तेव्हा खोल्या मिळत नाहीत, मिळाल्या तर भाव ऐकून घाम फुटतो. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो. सौ. रोज विचारायची, "अहो, देवाजवळ दिवा लावायचा कधी?"

शहर पायीच बघायचं, लोकवस्ती लाखाच्या आत. आयर चौकातनं निघा. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी इथं येऊन बोलले होते, चौकातल्या बागेला त्यांचंच नाव आहे. तिथून शॉप स्ट्रीटनं खाली उतरत जा. रस्ता फक्त चालणाऱ्यांचा, दर पन्नास पावलांवर कोणीतरी फिडल (म्हणजे व्हायोलिनच) नाहीतर गिटार वाजवत असतं. सेंट निकोलसचं चर्च १३२० चं. त्याच्या कडेला शनिवारी बाजार भरतो, तो चुकवू नका. पुढचा रस्ता लिहितात 'क्वे'सारखा, पण म्हणायचा 'की स्ट्रीट'. मी 'क्वे' म्हणून पत्ता विचारला तर पोरं हसली, पण दारापर्यंत सोडायला आली. शेवटी नदी आणि १५८४ ची स्पॅनिश कमान. १७५५ च्या लिस्बनच्या भूकंपात समुद्राची लाट इथवर आली आणि या कमानीचा काही भाग पडला. तो भूकंप कुठं, ही कमान कुठं!

कॉरिब नदी जेमतेम सहा किलोमीटरची, तळ्यातनं निघते आणि समुद्रात जाते. पण ओढ अशी की पुराच्या वेळी राजाराम बंधाऱ्यावर उभं राहिल्यासारखं वाटतं. कॅथेड्रलजवळच्या सॅमन विअर पुलावर उन्हाळ्याच्या सुरुवातीला थांबा. खाली पाण्यात काळ्या पट्ट्यांसारखे सॅमन मासे प्रवाहाविरुद्ध तोंड करून उभे असतात, शेपटी हलवत, जागच्या जागी. मी तिथं पाऊण तास काढला.

संध्याकाळी सॉल्टहिलला जा. हे त्यांचं रंकाळा. फरक इतकाच की भेळेची गाडी नाही आणि वारा कानशिलात मारतो. सगळं गाव चालायला येतं आणि टोकाच्या भिंतीला पायानं लाथ मारून परत फिरतं. का मारतात, ते धड कोणी सांगत नाही. आम्हीही मारली.

पबमध्ये जायला लाजू नका, पिणं सक्तीचं नाही. काउंटरवर जाऊन मागायचं, टेबलावर कोणी विचारायला येत नाही. क्रेन बार किंवा टी कोलीमध्ये सेशन बसतं: फिडल, बासरी, आणि बोधरान नावाचं हातात धरून वाजवायचं कातडी वाद्य. ते बघताना मला हलगीची आठवण झाली. कोपऱ्यातली रिकामी खुर्ची वाजवणाऱ्यांची असते, तिच्यावर बसू नका. मी बसलो होतो. कोणी काही बोललं नाही, फक्त एक म्हातारा फिडलची पेटी घेऊन माझ्यासमोर शांतपणे उभा राहिला. जेवण मात्र नऊच्या आत मागवा, नंतर स्वयंपाकघर बंद. माशांचं दाट सूप आणि काळपट पावाचा जाड तुकडा, तेवढ्यात पोट भरतं. मंगळवार-शुक्रवार पाळणाऱ्यांना भाज्यांचं सूप मिळतं, पण कशाच्या रश्शात शिजवलंय ते विचारा.

आता बाहेरगाव. एकच दिवस असेल तर माझं मत इनिश मोर बेटाला. मोहरचे कडे प्रसिद्ध आहेत, २१४ मीटर उंच, गॉलवेहून ३५० नंबरची बस जाते. वाटेत बरनचा चुनखडीचा उघडा माळ आणि भेगाभेगांतनं उगवलेली रानफुलं दिसतात. जरूर जा. पण तिथं गर्दी बघावी लागते.

बेटासाठी रॉसावील बंदरापर्यंत बस आणि तिथून चाळीसेक मिनिटांची बोट. बस सुटण्याची जागा तिकिटावर नीट वाचा, ती रेल्वे स्टेशनवरच असेल असं धरून चालू नका. उतरल्यावर सायकल भाड्यानं घ्या आणि किनाऱ्याच्या रस्त्यानं जा. हा रस्ता सपाट आहे आणि खडकांवर सील पहुडलेले दिसतात. सातेक किलोमीटरवर डून एंगस नावाचा किल्ला. पन्हाळ्याच्या माणसालाही इथं मान खाली घालावी लागेल. चुन्याचा थेंब न वापरता रचलेल्या अर्धगोल भिंती, आणि उरलेल्या बाजूला भिंतच नाही. तिथं सुमारे शंभर मीटरचा कडा आणि खाली समुद्र. बाहेरच्या अंगाला टोकदार दगड उभे रोवून ठेवलेत, दाटीवाटीनं, हल्ला करणाऱ्याला पळता येऊ नये म्हणून. कड्याला कठडा नाही. खाली बघायचंच असेल तर पोटावर झोपून सरकत जा, आणि वारा असेल तर तेही नको.

पण माझ्या डोक्यातनं न जाणारी गोष्ट किल्ला नव्हे, शेताची भिंत. बेटभर दगडी बांध, नुसते एकमेकांवर ठेवलेले, मधनं उजेड दिसतो. वारा त्या फटींतनं निघून जातो म्हणून भिंत पडत नाही. एका वावराला फाटक कुठं आहे ते शोधत होतो. तेवढ्यात शेतकरी आला, भिंतीचे दगड एकेक करून बाजूला काढले, गाय आत घातली आणि तेच दगड परत रचले. प्रत्येक दगड फिरवून बघायचा, बसला की सोडायचा. ना बिजागरी, ना कडी. चाळीस वर्षं मी फिटिंगचं काम करतोय, असं फिटिंग बघितलं नव्हतं. माती तरी कुठली, वाळू आणि समुद्री शेवाळ खडकावर टाकून टाकून पिढ्यांनी केलेली.

दुसरा दिवस कॉनेमाराला, म्हणजे डोंगरांच्या भागाला द्या. गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळं आपल्याला सोपं. पण रस्ते अरुंद आणि दोन्हीकडं तेच दगड. मी भाड्याच्या गाडीचा डावा आरसा भिंतीला घासला आणि पूर्ण विमा न घेतल्याची चांगली शिक्षा भोगली. विमा घ्या. पंपावर हिरवी नळी पेट्रोलची आणि काळी डिझेलची, हे ध्यानात ठेवा. समोरून येणारा माणूस स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतो, तो राम राम असतो, उत्तर द्या. गाडी चालवायची नसेल तर गॉलवेतून दिवसाच्या सहलीच्या बस सुटतात.

वाटेत काळ्या दलदलीतनं पीट नावाची जळाऊ माती काढून शेणी रचतात तसे ढीग घातलेले दिसतात, जळणासाठी. कायलमोर ॲबी हा मठ तळ्याकाठी आहे, १९२० पासून नन्सकडं. आणि क्रिकेटवाल्यांसाठी: बॅलिनाहिंचचा वाडा १९२४ मध्ये आपल्या रणजीनं विकत घेतला होता, नवानगरच्या जामसाहेबांनी. मासेमारीचा शौक. आता तिथं हॉटेल आहे, चहा प्यायला हरकत नाही.

खरेदी म्हणाल तर क्लाडा अंगठी. गॉलवेच्या जुन्या कोळीवाड्याचं नाव क्लाडा. अंगठीत दोन हातांनी धरलेलं हृदय आणि वर मुकुट. सौ.नं घेतली आणि उजव्या हातात, हृदयाचं टोक बाहेर करून घातली. दोन दिवसांनी एका दुकानदारीणबाईनं हसत विचारलं, "काय हो, लग्नाचं जमवताय की काय?" तशी घातली की अर्थ होतो, अजून मोकळी आहे. लग्न झालेल्यांनी डाव्या हातात, टोक आत. सौ.नं मान वर न करता हात बदलला.

घरी आल्यावर ती अंगठी गुजरीत आमच्या सोनाराला दाखवली. त्यानं हात, हृदय, मुकुट काहीच बघितलं नाही. काट्यावर टाकली, आकडा वाचला आणि विचारलं, "मजुरी किती लावली?"