ज्युरी, क्रिट आणि ग्रुपचं मेजर्ड ड्रॉइंग: आर्किटेक्चरवाल्यांनो, या चुका टाळा

पाचव्या वर्षाला पोचलं की ज्युरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर काम मांडायच्या, आदल्या रात्री ज्युनिअर मुलं शीट घेऊन दारात उभी राहतात. "ताई, एकदा बघ ना, काही चुकलंय का?" चुकलेलं असतंच, पण रात्री बारा वाजता ते सांगून उपयोग नसतो. आणि दर वर्षी तेच ते चुकलेलं असतं. म्हणून लिहून टाकते, म्हणजे निदान पुढच्यांना नुसता हा मजकूर पाठवता येईल.

बहुतेक भानगडींच्या मुळाशी एकच खोड दिसते: अर्धवट काम कोणाला दाखवायचं नाही. डिस्कशनच्या (क्रिटच्या, म्हणजे सर-मॅडमना चालू काम दाखवायच्या) दिवशी दांडी, ज्युरीत भांडण, ग्रुपमध्ये आपापला कोपरा धरून बसणं, सगळं तिथूनच येतं.

ग्रुपचं काम खोल्यांप्रमाणे वाटून घेणं

हे आधी, कारण यावर माझा खास राग आहे.

आमची मेजर्ड ड्रॉइंगची (जुनी इमारत मोजून तिचं ड्रॉइंग करायची) ट्रिप वाईकडच्या एका गावात होती. दोन चौकांचा वाडा, सात जणांचा ग्रुप. मी सुरुवातीलाच म्हटलं होतं, सगळे मिळून एका टोकाकडून मोजत जाऊ. कोणी ऐकलं नाही. पुढचा चौक तिघांना, मागचा तिघांना, दर्शनी बाजू एकाला. "फास्ट होईल गं." झालंही फास्ट. दुपारी सगळे कृष्णेच्या घाटावर फोटो काढत होते.

कॉलेजात येऊन दोन्ही प्लॅन जोडायला घेतले, तर मागचा चौक पुढच्यात घुसायला लागला. खोल्या सगळ्यांनी आतून मोजलेल्या. मधल्या भिंतीची जाडी कोणीच घेतली नव्हती. एकाने ती ४५० मिलिमीटर धरली, का तर सीनिअरच्या जुन्या शीटवर तेवढी होती. फोटोत दाराची चौकट बघितली तर भिंत त्याहून चांगलीच जाड. सेक्शनची, म्हणजे वाडा उभा कापल्यासारखा दाखवणाऱ्या ड्रॉइंगची, वेगळीच मजा. पुढच्यांनी उंच्या पुढच्या चौकाच्या फरसबंदीपासून घेतल्या, मागच्यांनी मागच्या. जमीन नदीकडे उतरते, त्यामुळे मागचा चौक खाली आहे. किती खाली, ते एकाच्याही वहीत नाही.

मग आमच्यातल्या एका हुशार प्राण्याने रात्रीत एकट्याने सगळं 'ॲडजस्ट' केलं. भिंती काटकोनात, दोन्ही चौक एका पातळीत. शीट दिसायला देखणी. ज्युरीला बाहेरून आलेल्या सरांनी शेजारी लावलेले फोटो बघितले, मग सेक्शनवर बोट ठेवलं. "माजघरातून मागे जाताना फोटोत पायऱ्या दिसतायत. इथे कुठे गेल्या?" सातही जण एकमेकांकडे बघत राहिले.

वाड्याला काटकोन नाही असं धरूनच टेप उघडायची. नुसत्या चार बाजू मोजून खोलीचा आकार ठरत नाही, त्याच चार मापांचे कितीतरी तिरके चौकोन निघतात. एक कर्ण घेतला की आकार ठरतो, दुसरा घेतला की पहिल्यातली चूक पकडता येते. भिंतीच्या एका टोकाला टेपचं शून्य धरायचं आणि खांब, दार, कोनाडा सगळ्यांची मापं तिथूनच वाचत जायची. तुकड्यातुकड्याने मोजलं की प्रत्येक तुकड्याची चूक पुढच्यात जमा होते. भिंतीची जाडी दाराखिडकीतून मिळते, तेवढंच लक्षात ठेवायचं.

पातळीसाठी गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या. स्वस्त असते आणि बॅटरी लागत नाही. साधारण छातीच्या उंचीला एक पातळी ठरवून मालकांना विचारून खडूच्या खुणा अख्ख्या वाड्यातून फिरवायच्या, आणि प्रत्येक उंची त्या खुणांपासून वर किंवा खाली मोजायची. नळीत बुडबुडा राहिला की माप खोटं येतं, म्हणून आधी दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एका रेषेत येतं का ते बघायचं. लेझर मीटरवर ज्यांचा फार विश्वास आहे त्यांना एवढंच सांगते: भर उन्हात चौकात तो ठिपका शोधून दाखवा.

आणि त्याच संध्याकाळी, मुक्कामाच्या जागी, पेन्सिलने एकाच कागदावर १:५० ला सगळ्यांनी मिळून प्लॅन जोडून बघायचा. मी हे आता कंटाळा आला तरी करते. राहिलेली मापं तिथेच कळतात आणि सकाळी परत जाता येतं. घरी पोचल्यावर कळून काय करणार? वाड्यातल्या आजींना फोन करून भिंत मोजायला सांगणार?

"मार्कांपुरतंच तर आहे" असं कोणी म्हणालं की मला शनिवारवाडा आठवतो. १८२८ च्या आगीनंतर आत जोतीच उरली, वरचे मजले कसे होते ते आज अंदाजाने सांगावं लागतं. तुम्ही मोजलेला वाडा उद्या पाडून तिथे इमारत उभी राहिली, तर कदाचित तुमची शीट तेवढी उरेल. त्यात पायऱ्या असलेल्या बऱ्या.

ज्युरीत वकिली करणं

ज्युररने तोंड उघडलं की "नाही सर, ॲक्चुअली..." सुरू. सर अजून वाक्यही संपवत नाहीत. दुसरा प्रकार याहून वाईट: मान डोलवत सगळं ऐकायचं, एक अक्षर लिहून घ्यायचं नाही, आणि बाहेर येऊन "काय म्हणाले?" हे मित्रालाच विचारायचं.

उभं राहिलेल्याला निम्मंच ऐकू येतं, हे मान्य करून टाका. माझी आणि माझ्या पार्टनरची सोय ठरलेली आहे: ती उभी असताना मी लिहिते, मी उभी असताना ती. लिहिताना उपाय आणि तक्रार वेगवेगळे लिहायचे. सर म्हणाले, "जिना इथून काढ." हा झाला उपाय. तक्रार काय होती? आत शिरल्यावर अंधार आहे आणि समोर जिन्याची पाठ येते. तक्रार कळली की जिना जागेवर ठेवूनही ती सोडवता येते. दोन ज्युरर दोन उलट गोष्टी सांगतात तेव्हाही बहुतेक वेळा दोघांना एकच जागा खटकलेली असते. ज्यांनी दोघांचंही ऐकून दोन जिने काढलेत, त्यांना मी ओळखते.

आणि झोपा रे. दोन नाईट आउट मारून आलेल्याला "लाईन वेट (रेघेची जाडी) कमी आहे" हासुद्धा खानदानाचा अपमान वाटतो. नाईट आउटच्या स्टोऱ्या टाकणाऱ्यांचं मला कौतुक नाही. बहुतेकांनी दिवसा कॅरम खेळलेला असतो.

दुसऱ्याच्या डिस्कशनला हेडफोन लावून बसणं

वर्गात सहभाग म्हणजे हात वर करून भाषणवजा प्रश्न विचारणं नव्हे. शेजारच्या टेबलावर मॅडम बटर पेपरवर काय खोडतायत ते उभं राहून बघणं, हाही सहभागच. शेजारी पार्किंगचा रॅम्प बसत नाही म्हणून तासभर चर्चा होते, आणि पुढच्या आठवड्यात तुम्ही तोच रॅम्प तसाच घेऊन येता. मॅडमनी परत तेच का सांगावं?

पटकन सांगण्यासारख्या

प्रिंट काढताना 'फिट टू पेपर' दाबू नका, ड्रॉइंगचं स्केल बदलतं. ज्युरर खिशातली स्केलपट्टी शीटवर ठेवतात. शीटवर ग्राफिक स्केल, म्हणजे मापाची आखलेली पट्टी, काढा, कागद लहान-मोठा झाला तरी तो सोबत लहान-मोठा होतो.

टेपचं शून्य कडीच्या टोकापासून आहे की पुढे छापलेल्या रेघेपासून, ते मोजायच्या आधी बघा.

देवघरात विचारल्याशिवाय टेप घेऊन शिरू नका, बुटांसकट तर मुळीच नाही.

दहा मिनिटांतली सात 'कन्सेप्ट'वर घालवू नका. प्लॅनवर या.

राहिला प्रश्न ग्रुपमधल्या काहीच न करणाऱ्याचा. त्याची तक्रार सबमिशनच्या दिवशी घेऊन सरांकडे गेलात तर सर तुम्हालाच विचारणार, इतके दिवस काय केलंत? पहिल्याच दिवशी त्याच्या हातात वही द्या. दोघं टेप धरतात, एक जण आकडे ओरडतो, आणि हा लिहितो. सगळी मापं त्याच्या एकट्याच्या अक्षरात असली की ड्रॉइंगच्या वेळी त्याला गायब होता येत नाही. सगळे त्यालाच फोन करतात.