बूदँ कसं खायचं: पेट्रोल पंपावरचं आणि फेस्टिवलमधलं

अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात गेलात तर आधी तिथलं सॉसेज, साधं बूदँ खा, फॅन्सी नंतर. म्हणजे पोर्क, थोडी कलेजी, भात, कांदा, पातीचा कांदा आणि लाल तिखट, सगळं शिजवून आतड्यात भरलेलं. तिथल्या लाफायेत शहराजवळचं स्कॉट गाव यासाठी फेमस, तिथे पेट्रोल पंपावरच्या दुकानातसुद्धा गरमागरम मिळतं आणि खरं सांगायचं तर तिथलंच भारी असतं. काट्याचमच्याची भानगड नको, एक टोक कापायचं, तोंडाला लावायचं आणि दातांनी दाबत आतलं सारण ओढून घ्यायचं, साल चिवट लागली तर सरळ टाकून द्या, कोणी काही म्हणत नाही. हवं तर सोबत खारी बिस्किटं, मोहरीचा सॉस.

फेस्टिवलमध्ये मग एगरोलमधलं बूदँ, त्याच्या सारणात चीज भरून तळलेले गोळे, क्रॉफिशचं (गोड्या पाण्यातला छोट्या लॉबस्टरसारखा प्राणी) वगैरे दिसेल. तळलेले गोळे घ्याच, मस्त असतात! बाकी घेताना आधी एक घास नुसत्या सारणाचा खाऊन बघा, कलेजीची चव आणि भाताचा ओलसरपणा लागला तर ठीक, नुसतं चीज आणि सॉसच लागत असेल तर पैसे वाचवा आणि पुढच्या स्टॉलवर साधं मागा.