फँटसी सुचवताना या चुका टाळा

मे महिन्याच्या सुट्टीत आणि दिवाळीच्या आठवड्यात आमच्या वाचनालयात एक वाक्य दिवसातून दहा वेळा कानावर पडतं: "काहीतरी फँटसी द्या ना." मागणारा कधी आठवीतला असतो, कधी बँकेतून निवृत्त झालेले काका असतात. मी तोंड उघडायच्या आत रांगेतलं कुणीतरी हमखास उत्तर देऊन टाकतं, "लॉर्ड ऑफ द रिंग्ज घे, सगळं तिथूनच सुरू झालं." बारा वर्षं मी या काउंटरवर बसते. हा सल्ला ऐकला की मला समोरच्या वाचकाची काळजी वाटते, कारण सल्ला देणाऱ्याने त्याला एक प्रश्नसुद्धा विचारलेला नसतो.

"मुळापासून सुरू कर"

ही चूक मी स्वतः केली आहे आणि ती मला अजून बोचते. नववीतला एक मुलगा आमचा सभासद होता. हॅरी पॉटरचे सातही भाग त्याने दोनदा वाचले होते. एके दिवशी तो म्हणाला, "काकू, आता काय वाचू?" मी कपाटातून टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तिन्ही खंड एकत्र बांधलेली, हजारावर पानांची प्रत काढली आणि त्याच्या हातात ठेवली. पॉटर संपला की टॉल्किन, असा माझ्या डोक्यात जणू नियमच होता.

तो पुन्हा आलाच नाही. दोन महिन्यांनी त्याची आई पुस्तक परत करायला आणि अनामत रक्कम घ्यायला आली. म्हणाली, "रोज रात्री उघडायचा, दोन पानं वाचायचा आणि मिटून ठेवायचा. आता म्हणतो, मला वाचन जमत नाही." पुस्तकात खुणेसाठी घातलेलं लोकलचं तिकीट तसंच होतं. ते होतं प्रस्तावनेत, शायर नावाच्या मुलखातले हॉबिट, म्हणजे कथेतले बुटके लोक, चिलमीत भरायची पानं कधीपासून पिकवू लागले त्याची माहिती देणाऱ्या पानावर. म्हणजे गोष्ट सुरूही झाली नव्हती. सात जाड पुस्तकं दोनदा वाचणाऱ्या मुलाला मी "मला वाचन जमत नाही" असं वाटायला लावलं होतं.

टॉल्किनचा यात काही दोष नाही. 'द हॉबिट' १९३७ साली आलं ते मुलांसाठी. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' १९५४-५५ मध्ये तीन खंडांत आलं, तेव्हा तो लेखक वेगळ्याच वाचकाशी बोलत होता. त्यात वंशावळी आहेत, गाणी आहेत, पानंच्या पानं चालणं आहे. आज मी ते पुस्तक आनंदाने देते, पण ट्रेकला जाणाऱ्या मोठ्या माणसांना. गोनीदांच्या 'दुर्गभ्रमणगाथे'त जो रमतो, ज्याला वाटेवरचं झाड, ओढा, संध्याकाळची थंडी वाचायला आवडते, तो टॉल्किनमध्येही रमतो. त्यालासुद्धा मी आधी सांगून ठेवते, प्रस्तावना शेवटी वाचा.

त्या मुलानंतर मला एक सवय लागली. "पॉटर आवडला" एवढ्यावर मी पुस्तक काढत नाही. त्यातलं काय आवडलं, ते विचारते. जादूची शाळा आणि तिथलं शिकणं आवडलं असेल, तर उर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. हे १९६८ सालचं, जेमतेम दोनशे पानांचं पुस्तक आहे. त्यातला मुलगा शाळेत बढाईपोटी नको ती शक्ती मोकळी सोडतो आणि ती त्याच्या मागे लागते. भाषा गंभीर आहे, म्हणून शांत स्वभावाच्या मुलांनाच देते. पॉटरमधली गंमत आवडली असेल, तर डायना विन जोन्सचं 'हाऊल्स मूव्हिंग कॅसल'. मित्रांची टोळी आणि बेत रचणं आवडलं असेल आणि वय पंधराच्या पुढे असेल, तर ली बार्डुगोचं 'सिक्स ऑफ क्रोज'. एकाच पुस्तकाचे तीन चाहते आणि त्यांच्यासाठी तीन वेगळी पुस्तकं. विचारायला अर्धं मिनिट लागतं. रांग कितीही मोठी असली तरी मी ते अर्धं मिनिट घेते.

मुखपृष्ठ बघून वय ठरवणं

गेल्या काही वर्षांत हा घोळ फार वाढला आहे. मुखपृष्ठावर ड्रॅगन, सोनेरी नक्षी, आत नकाशा, म्हणजे पुस्तक मुलांचं, असं पालकांना वाटतं. दुकानदारांना वाटतं आणि ग्रंथपालांनाही वाटतं.

तेरा वर्षांच्या एका मुलीला ड्रॅगनवरचं पुस्तक हवं होतं. काउंटरवर त्या दिवशी माझी सहकारी होती. तिने नवीनच आलेलं 'फोर्थ विंग' दिलं. २०२३ सालचं हे पुस्तक ड्रॅगनस्वारांच्या लष्करी विद्यालयावर आहे आणि पहिली दोनशे पानं वाचली तर तरुण मुलांचं वाटू शकतं. पण ते मोठ्यांसाठीच लिहिलेलं आहे. उत्तरार्धात शरीरसंबंधांची उघड वर्णनं आहेत. आठवड्याने मुलीची आई आली. पुस्तकात बोट घालून, तेच पान धरून आली होती. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "ताई, हे तुमच्यापैकी कुणी वाचलं होतं का?" कुणीही वाचलं नव्हतं. आमच्याकडे उत्तर नव्हतं.

सारा मासच्या 'अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस' मालिकेचंही तसंच. २०१५ साली ती किशोरांच्या कपाटात आली आणि २०२० मध्ये नवी मुखपृष्ठं चढवून मोठ्यांच्या कपाटात गेली. मजकूर तोच राहिला. जुन्या प्रती अजून घरोघरी फिरतात आणि मोठी बहीण धाकटीला देते.

हे फक्त इंग्रजीत घडतं असंही नाही. 'अरेबियन नाइट्स' म्हटलं की आपल्याला लहानपणीच्या सुरस आणि चमत्कारिक गोष्टी आठवतात. गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या इंग्रजी आवृत्तीवरून केलेला सोळा खंडांचा मराठी अनुवाद हे फार मोठं काम आहे, आणि ते मोठ्यांसाठी आहे. नातवाच्या वाढदिवसाला त्यातला खंड मागणाऱ्या आजोबांना मी दोनदा थांबवलं आहे. त्यांनी तो स्वतःसाठी न्यावा म्हणून मात्र आग्रह केला.

माझा उपाय साधा आहे. नवीन आलेलं पुस्तक किशोरांच्या कपाटात ठेवण्याआधी मी तीन जागी वाचते: पहिलं प्रकरण, बरोबर मधली वीस पानं आणि शेवटाआधीची तीस पानं. एवढ्यात पुस्तकाचा स्वभाव कळतो. ज्यांना तेवढाही वेळ नाही त्यांनी मुलांना पुस्तकं सुचवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तेराव्या वर्षी ड्रॅगन हवा असेल तर पाओलिनीचं 'एरागॉन' आहे. लेखकाने ते लिहायला घेतलं तेव्हा तो स्वतः पंधरा वर्षांचा होता, हे सांगितलं की मुलांचे डोळे चमकतात. सतरा वर्षांची मुलगी 'फोर्थ विंग' मागते तेव्हा मी नाही म्हणत नाही. त्यात काय आहे ते सांगते आणि निर्णय तिच्यावर सोडते. या वयात "हे तुझ्यासाठी नाही" असं ऐकलेली मुलं पुस्तक कुठून तरी मिळवतातच, फक्त त्याबद्दल आपल्याशी बोलणं बंद करतात.

"इंग्रजीत वाच, इंग्रजी सुधारेल"

मराठी माध्यमातल्या मुलाने पहिल्यांदाच गोष्टीची ओढ दाखवलेली असते आणि आपण त्याच्या हातात शिकवणी ठेवतो. फँटसीत आधीच सगळं परकं असतं: गावांची नावं, प्राणी, मंत्र, राज्यं. त्यात भाषाही परकी असली की मूल शब्दकोश घेऊन बसतं आणि गोष्ट हातातून सुटते. 'हॅरी पॉटर आणि परीस' मराठीत आहे. मुग्धा कर्णिक यांनी 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा केलेला 'स्वामी मुद्रिकांचा' हा अनुवाद आहे. आधी ते द्या. पॉटरचे पहिले दोन भाग मराठीत वाचून तिसरा आपणहून इंग्रजीत मागणारी मुलं मी पाहिली आहेत. बरोबर आलेल्या पालकांना मी हे मुलांसमोरच सांगते, म्हणजे मुलांना धीर येतो.

न सांगता अर्धवट मालिका देणं

'अ गेम ऑफ थ्रोन्स' १९९६ चं. पाचवा भाग २०११ मध्ये आला, सहाव्याची वाट लोक अजून पाहत आहेत. 'द नेम ऑफ द विंड' २००७ चं, दुसरा भाग २०११ चा, तिसरा नाही. पुस्तकं चांगलीच आहेत, फक्त देताना एवढं सांगून द्या. ज्याला शेवट हवाच असतो त्याला मी ब्रँडन सँडरसनची पहिली 'मिस्टबॉर्न' त्रयी देते. २००६ ते २००८ या काळात तिन्ही भाग पूर्ण झाले. 'व्हील ऑफ टाइम'चे चौदा भाग पूर्ण आहेत. मूळ लेखक २००७ मध्ये गेला आणि शेवटचे तीन भाग याच सँडरसनने त्याच्या टिपणांवरून लिहिले. पण चौदाच्या चौदा एकदम विकत घेणाऱ्यांना मी हात जोडून सांगते, आधी एक वाचा.

क्रमाबद्दल एवढंच. 'नार्निया'च्या आजच्या संचावर 'द मॅजिशियन्स नेफ्यू'ला पहिला क्रमांक असतो, पण ते सहावं आलं, १९५५ मध्ये. १९५० चं 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब' आधी द्या. कपाटाचं दार उघडून पलीकडे बर्फ लागतो, तो क्षण आधीच सगळं माहीत असलेल्या वाचकाला मिळत नाही. टेरी प्रॅचेटच्या 'डिस्कवर्ल्ड' मालिकेच्या एक्केचाळीस पुस्तकांत पहिल्यापासून सुरू करू नका. मोठ्यांना 'गार्ड्स! गार्ड्स!', मुलांना 'द वी फ्री मेन'.

फँटसी मागणाऱ्याला धारप देणं ही आमच्याकडची जुनी सवय. भय हवं असेल तरच धारप द्या.

"आपल्याकडे महाभारत आहे ना"

असं म्हणून मुलाला गप्प करणारे लोक मला आवडत नाहीत. मुलाने महाभारत नाकारलेलंच नसतं, त्याने फक्त एक गोष्ट मागितलेली असते. तिकडची ओढ आहे असं दिसलं तर दहा-बारा वर्षांच्यांना रोशनी चोक्शीचं 'आरू शाह अँड द एंड ऑफ टाइम' द्यावं. त्यातल्या मुली पांडवांचे पुनर्जन्म आहेत. मोठ्यांना ताशा सुरीचं 'द जॅस्मिन थ्रोन'.

आणि "असली पोरकट पुस्तकं मी वाचत नाही" म्हणणाऱ्या मोठ्यांना मी विचारते, "लहानपणी चांदोबा यायचा का घरी?" विक्रमाने मौन मोडलं की प्रेतासकट वेताळ पुन्हा झाडावर, हे त्यांना पन्नास वर्षांनीही तोंडपाठ असतं. मग सुझॅना क्लार्कचं 'पिरानेसी' देते. २०२० चं, तीनशे पानांच्या आतलं. असंख्य दालनांचं एक घर, खालच्या मजल्यावर भरती-ओहोटी आणि ते सगळं मन लावून वहीत टिपणारा एक माणूस. मालिका नाही, नकाशा नाही, राजे नाहीत. निवृत्त काका ते दोन दिवसांत परत आणतात आणि मग काउंटरवर उभे राहून अर्धा तास बोलतात.

वाचकांनीही थोडं थांबावं

रीलवरची 'ही दहा पुस्तकं वाचाच' अशी यादी घेऊन येणाऱ्या मुलांना मी यादीतलं एकच पुस्तक देते. दहाव्या पानावर "नावं लक्षात राहत नाहीत" म्हणून परत आणणाऱ्यांना तेच पुस्तक पुन्हा देते आणि सांगते, नावं पाठ करू नकोस, लेखक लागतील तेव्हा पुन्हा सांगतो. साठ पानं वाच. तरीही नको वाटलं तर बिनधास्त परत आण. कथानक आधी व्हिडिओत बघून मग पुस्तक घ्यायला येणाऱ्यांना काय द्यावं, ते मला कळत नाही. त्या पुस्तकातलं पहिल्यांदा चकित होणं ते गमावून बसलेले असतात.

पुस्तक अर्धवट परत आलं तर

"आवडलं नाही" एवढ्यावर सोडू नका. कुठे थांबलात, ते विचारा. पहिल्या प्रकरणात थांबला असेल तर अडचण बहुतेक भाषेची असते. अनुवाद द्या किंवा सोपी भाषा असलेलं द्या. मध्यावर थांबला असेल तर वेग कमी पडला, पुढचं पुस्तक लहान द्या. शेवटाला दहा-वीस पानं उरली असताना थांबला असेल, तर घरात काही घडलं आहे का ते हळूच विचारा. दंड न घेता मुदत वाढवून द्या. नववीतल्या त्या मुलाला हे कुणीच विचारलं नाही, मीसुद्धा नाही.

तेव्हापासून मी रजिस्टरमध्ये हाताने एक जास्तीचा रकाना आखला आहे: 'कुठे थांबले'. काल त्यात सहावीतल्या एका मुलीने स्वतःच्या अक्षरात लिहिलं, "थांबले नाही. दुसरा भाग कुणाला देऊ नका, शनिवारी येते."