बाहेरून प्लास्टिकचे मशीन्ड पार्ट मागवताय? आधी ड्रॉइंग बघा

आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत लोखंडाचं, कास्टिंगचं काहीही काढा, चार शेड सोडून कोणतरी करून देतंय, पण डेलरिन नाहीतर पीक (PEEK) असल्या इंजिनिअरिंग प्लास्टिकचे पार्ट बारीक टॉलरन्समध्ये, म्हणजे मापात अगदी थोडा फरक चालेल असे, हवे झाले की बरेचजण सरळ चीनला मेल टाकतात. टाका की, पण दर विचारायच्या आधी ड्रॉइंग नीट करा.

नुसतं "नायलॉन बुश" (शाफ्ट ज्यात फिरतो ती नळी) लिहू नका. मी लिहिलो होतो. एप्रिलात आलेले बुश स्टीलच्या हाउसिंगमध्ये ठोकून बसवलो, शाफ्ट मस्त फिरला, आणि जुलैत आपल्याकडचा पाऊस लागला तसा सगळा जाम. सप्लायरची काय चूक नव्हती, नायलॉन हवेतली ओल पिऊन फुगतं आणि बाहेरून स्टीलनं दाबलेलं असलं की भोकच आत मिटतं. पीए ६, म्हणजे नायलॉन ६, पाण्यात टाकून ठेवलं तर वजनाच्या ९ टक्क्यांच्या आसपास पाणी घेतं, असिटल (डेलरिन त्यातलंच) १ टक्काही नाही.

आता असिटल. आपण सगळ्यालाच डेलरिन म्हणतो, पण ते ब्रँडचं नाव आणि ते होमोपॉलिमर, असिटलचा एक प्रकार. तिकडचा माणूस दुसरा प्रकार, कोपॉलिमर, देऊन मोकळा होतो. होमोपॉलिमरच्या जाड रॉडच्या मधोमध कधीकधी बारीक छिद्रांची पांढरट रेघ असते, बोअर (मधलं भोक) पाडताना निघून जाणार असेल तर चालतंय, वॉल्व्ह सीट असेल तर कोपॉलिमरच मागा.

लोखंडाच्या ड्रॉइंगवरचं ±०.०१ मिमी तसंच उचलून टाकायचं नाही. १०० मिमीचा असिटल १० अंश तापला की साधारण ०.१ मिमी वाढतो, तुम्ही मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये व्हर्नियर लावणार आणि ते एसीत, मग भांडा. मोजमाप २० अंशाला, असं लिहूनच टाका. प्रोजेक्शनचं चिन्हही (पार्टच्या बाजू कागदावर कुठल्या पद्धतीनं मांडल्यात ते) विसरू नका, आपलं फर्स्ट अँगल, अमेरिका-जपानचं थर्ड, नाहीतर डाव्याचा उजवा पार्ट येतोय.

आधी पाच सॅम्पल मागवा आणि मटेरियल घरीच तपासा. सोनाराच्या काट्यावर पार्टचं वजन घ्या, मग काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवून शून्य करा, पार्ट दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा, तळाला टेकू देऊ नका. जो आकडा दिसेल त्यानं वजनाला भागा. १.४१ च्या जवळ आलं तर असिटल, १.१४ नायलॉन, १.३ पीक, २.२ पीटीएफई (टेफ्लॉन). यूएचएमडब्ल्यू (एक प्रकारचं पॉलिथिन) तर तरंगायलाच पाहिजे. एकदा "पीक" म्हणून आलेला तुकडा मी असा तपासलो, १.४१!

पैसे ३० टक्के आधी, बाकीचे डायमेन्शन रिपोर्ट बघून. बँक खातं बदललंय असा मेल आला तर व्हिडिओ कॉल लावून ओळखीच्या माणसाला विचारल्याशिवाय एक रुपया सोडायचा नाही.

आयईसी (आयात-निर्यात कोड) लागतंय, ते ऑनलाइन निघतं. एचएस कोड (कस्टम्समध्ये मालाचा वर्ग सांगणारा नंबर) सीएचएला, म्हणजे कस्टम्सच्या एजंटला, ड्रॉइंग दाखवूनच ठरवा, प्लास्टिकचे साधे पार्ट ३९२६ मध्ये बसतात पण गिअर ८४८३ मध्ये जातो. आयजीएसटीचं (आयातीवरचा जीएसटी) क्रेडिट मिळतं, बेसिक कस्टम ड्युटीचं नाही, म्हणून ती धरूनच इथल्या दराशी तुलना करा.

आणि चिनी नववर्षाच्या तोंडावर ऑर्डर टाकू नका, जानेवारी-फेब्रुवारीत कारखाने बंद असतात. गणपतीला कोकणात गेलेला आपला टर्नर परत कधी येईल हे जसं कोण सांगू शकत नाही, तिकडंही तेच.