गेमचं व्यसन लागलंय का, कसं ओळखाल?

रात्री दोन वाजता मुलगा पांघरुणात मोबाइल घेऊन खेळताना दिसला, तेव्हापासून मी त्याचे तास मोजायला लागले. तिथेच चुकलं. तासांपेक्षा ताबा सुटलाय का ते बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या, २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत ‘गेमिंग डिसऑर्डर’ची हीच खूण आहे: खेळण्यावर ताबा नाही, सगळ्याआधी गेम, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण १२ महिने.

मोबाइल हिसकावू नका. ऑनलाइन मॅच मध्येच थांबवता येत नाही, सोडली तर टीम अडचणीत येते. म्हणून मुलं इतकी चिडतात. ‘ही मॅच संपली की बंद’ असं आधीच ठरवा. रोजच्या बक्षिसांची नोटिफिकेशन्स बंद करा. रात्री चार्जर बाहेरच्या खोलीत. झोप, शाळा, जेवण तरीही बिघडतच असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, उगाच वाट बघू नका.